समुद्राच्या पाण्यातून थेट हायड्रोजन का काढत नाहीत?

रत्नागिरीकडच्या एका विज्ञान शिक्षकांनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे: मीठ घातलं की पाण्यातून वीज चांगली वाहते, हे आपण शाळेत शिकवतो. समोर अथांग समुद्र आहे आणि पावसाळा सोडला तर ऊनही भरपूर. मग सौर पॅनलची वीज थेट खाऱ्या पाण्यात सोडून हायड्रोजन का काढत नाहीत? सगळे प्रकल्प शुद्ध पाणीच का मागतात? आणि शाळेच्या प्रदर्शनासाठी मुलांना हा प्रयोग करायचा आहे, तर तो कसा करावा?

सर, पहिली गोष्ट म्हणजे हे काम रोज होतं, आणि मोठ्या प्रमाणावर होतं. माझी बरीचशी नोकरी त्यातच गेली. समुद्रकाठची वीज केंद्रं यंत्रं थंड करायला समुद्राचं पाणी ओढतात. त्या पाण्याबरोबर कालवांची, शिंपल्यांची पिल्लं आत येतात, पाइपांना चिकटतात आणि वाढतात. ती मारायला पाण्यात क्लोरीन लागतो. तो सिलिंडरमधून आणण्याऐवजी बरीच केंद्रं जागेवरच तयार करतात: समुद्राचं पाणी सरळ विद्युतघटातून नेतात आणि दुसऱ्या टोकाला सोडियम हायपोक्लोराइटचं सौम्य द्रावण मिळतं. त्याच वेळी ऋणाग्रावर, म्हणजे विजेच्या ऋण टोकाच्या पट्टीवर, हायड्रोजन सुटतो. म्हणजे तुम्ही म्हणता तसा, थेट समुद्राच्या पाण्यातून निघालेला हायड्रोजन. आम्ही त्याचं काय करतो? मोठा ब्लोअर लावून हवेत मिसळतो आणि छपरावरून सोडून देतो.

एवढं ऐकल्यावर बहुतेक जण हळहळतात, म्हणून हिशेबच मांडतो. तासाला १०० किलो क्लोरीन करणारा संच घ्या. त्यातून तासाला साधारण २.८ किलो हायड्रोजन निघतो आणि संच ४०० ते ४५० युनिट वीज खातो. तेवढ्या हायड्रोजनमधली जळणाची उष्णता सुमारे ९५ युनिट भरते. इंधनघटातून (फ्युएल सेलमधून) त्याची वीज केली तर हातात जेमतेम ४५-५० युनिट येतात. शिवाय हा वायू शुद्ध नसतो. या घटात दोन अग्रांच्या मध्ये पडदा नसतो, त्यामुळे हायड्रोजनबरोबर थोडा ऑक्सिजन, थोडा क्लोरीन आणि भरपूर ओलावा येतो. असं मिश्रण कुणी शहाणा माणूस दाबून टाकीत भरणार नाही. हवेत ४ टक्क्यांपासून ७५ टक्क्यांपर्यंत हायड्रोजन पेट घेऊ शकतो, म्हणून आम्ही तो १ टक्क्याच्या खाली आणून सोडतो. २.८ किलोसाठी तासाला तीन हजार घनमीटरहून जास्त हवा लागते. ब्लोअर बंद पडला की संच आपोआप ट्रिप होतो, आणि व्हायलाच हवा.

आता मुख्य अडचणीकडे येऊ. धनाग्रावर, म्हणजे धन टोकाच्या पट्टीवर, दोन गोष्टी घडू शकतात: पाणी फुटून ऑक्सिजन निघेल किंवा क्लोराइडपासून क्लोरीन निघेल. कागदावर ऑक्सिजनला कमी व्होल्टेज लागतं. प्रत्यक्षात मात्र ऑक्सिजनच्या एका रेणूसाठी चार इलेक्ट्रॉन एकामागून एक निघावे लागतात आणि ती प्रक्रिया रेंगाळते. क्लोरीनचं काम दोन इलेक्ट्रॉनांत भागतं. समुद्राच्या लिटरभर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात आणि त्यातला निम्म्याहून जास्त भाग एकट्या क्लोराइडचा. त्यामुळे साध्या अग्रांवर क्लोरीनच बाजी मारतो. आमच्या क्लोरीन संचाला हेच हवं असतं, म्हणून टायटॅनियमवर रुथेनियम, इरिडियमच्या ऑक्साइडचा लेप दिलेली धनाग्रं वापरतात. तुम्हाला इंधन हवं असेल तर नेमकं हेच नको.

‘निघू दे क्लोरीन, तोही विकू’ असं एखादा व्यापारी मनाचा माणूस म्हणेल. १ किलो हायड्रोजनमागे ३५ किलो क्लोरीन आणि ४० किलो कॉस्टिक सोडा निघतो. राष्ट्रीय हरित हायड्रोजन अभियानाला केंद्राने जानेवारी २०२३ मध्ये मंजुरी दिली. त्याचं २०३० चं उद्दिष्ट वर्षाला ५० लाख टन हायड्रोजनचं आहे. तो सगळा या मार्गाने काढला तर १७ कोटी टनांहून जास्त क्लोरीन तयार होईल. आज सगळं जग मिळून वर्षाला एवढा क्लोरीन बनवत नाही. कॉस्टिक सोड्याचे कारखाने मिठाच्या द्रावणातून क्लोरीन काढतात आणि सोबतचा हायड्रोजन वापरतातही. पण तिथे बाजार क्लोरीन आणि कॉस्टिकचा असतो, हायड्रोजन हा जोड-माल. आणि ते समुद्राचं पाणी जसंच्या तसं घेत नाहीत. पडद्याच्या घटात जाण्यापूर्वी द्रावणातला कॅल्शियम आणि मॅग्नेशियम अब्जांश भागांपर्यंत खाली आणावा लागतो.

हा मॅग्नेशियम म्हणजे आमची खरी डोकेदुखी. क्लोरीनबद्दल सगळे बोलतात, मॅग्नेशियमचं नाव संच चालवणाऱ्यांखेरीज फारसं कुणी काढत नाही. हायड्रोजन सुटताना ऋणाग्राजवळचं पाणी अल्कधर्मी होतं. समुद्राच्या लिटरभर पाण्यात सुमारे १.३ ग्रॅम मॅग्नेशियम असतो, तो लगेच हायड्रॉक्साइड होऊन बसतो, आणि कॅल्शियम कार्बोनेट त्याच्या जोडीला येतं. बोअरच्या पाण्याने गीझरच्या कॉइलवर चढतो तसा पांढरा थर, पण इथे तो दिवसागणिक जाड होतो. थर चढला की व्होल्टेज वाढतं, प्रवाह जागा मिळेल तिथूनच वाहतो आणि लेपावर डाग पडतात. उपाय एकच: संच थांबवा, हायड्रोक्लोरिक आम्ल फिरवा, धुवा, पुन्हा सुरू करा. पाणी जोरात खेळतं ठेवून हा दिवस लांबवता येतो, टाळता येत नाही. पावसाळ्यात खाडीच्या तोंडाशी गाळ आला की त्रास वेगळाच.

तुमच्या प्रश्नात एक गृहीतक आहे, ‘मिठाच्या पाण्यातून वीज चांगली वाहते’. शाळेच्या दिव्याच्या प्रयोगापुरतं ते खरं आहे. कारखान्याच्या मापाने समुद्राचं पाणी अगदी सुमार वाहक आहे. अल्कलाइन इलेक्ट्रोलायझरमध्ये, म्हणजे विजेने पाणी फोडणाऱ्या नेहमीच्या संचात, ८० अंशांच्या आसपास तापलेलं ३० टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइड (आमच्या भाषेत पोटॅश) फिरत असतं, आणि त्याची वाहकता समुद्राच्या पाण्याच्या पंचवीसपट असते. अग्रांमध्ये फक्त २ मिलिमीटर अंतर आणि चौरस सेंटिमीटरला अर्धा अँपिअर प्रवाह धरा. समुद्राच्या पाण्यात नुसतं ते अंतर कापायला २ व्होल्ट जातात. पोटॅशच्या द्रावणात तेच काम व्होल्टच्या दहाव्या भागाहूनही कमी व्होल्टेजमध्ये होतं. पाणी फोडायला सैद्धांतिक व्होल्टेज १.२३ लागतं, बाहेरून उष्णता न देता चालवायचं तर १.४८, आणि बाजारातले चांगले घट १.८ ते २ व्होल्टवर चालतात. आता ही नुसत्या अंतरापायी जाणारी दोन व्होल्टची उधळण त्यांच्याशेजारी ठेवून बघा.

माझ्या उत्तरातला कळीचा आकडा आता येतो. १ किलो हायड्रोजन काढायला सुमारे २६,६०० अँपिअर-तास वीजभार लागतो. घट कुठलाही असो, हा आकडा बदलत नाही. म्हणून व्होल्टेज ०.१ ने वाढलं की किलोमागे २.६६ युनिट जास्त लागतात. दुसरीकडे, १ किलो हायड्रोजनमध्ये ९ लिटर पाणी खर्च होतं. शुद्धीकरणात वाया जाणारं आणि थोडं थंड करायचं पाणी धरून २० लिटर म्हणू. समुद्राचं पाणी आरओने गोडं करून आणखी शुद्ध करायला हजार लिटरला ४-५ युनिट लागतात. म्हणजे २० लिटरला जास्तीत जास्त ०.१ युनिट. व्होल्टेजच्या भाषेत हे जेमतेम ४ मिलिव्होल्ट झाले.

चार मिलिव्होल्ट. खाऱ्या पाण्यावर थेट चालणाऱ्या घटाने नेहमीच्या घटापेक्षा फक्त ५ मिलिव्होल्ट जास्त घेतले तरी आरओ वाचवल्याचा फायदा संपला. आणि प्रयोगशाळेतले घट पाच नव्हे, शेकड्यांनी मिलिव्होल्ट जास्त घेतात. पैशांतही तेच दिसतं. संपूर्ण संच किलोमागे ५२ युनिट खातो असं धरा आणि वीज ४ रुपये युनिट, म्हणजे विजेचेच २०८ रुपये. गोड्या केलेल्या पाण्याला हजार लिटरमागे १०० रुपये लावले तरी २० लिटरचे २ रुपये होतात. दोन रुपये वाचवायला दोनशे रुपयांचा भाग बिघडवायचा, हा सौदा मला कुणी कितीही रंगवून सांगितला तरी पटत नाही.

त्यातही एक गंमत आहे. ५२ युनिटांपैकी ३९.४ युनिट हायड्रोजनमध्ये जातात, उरलेले साडेबारा उष्णता होऊन बाहेर पडतात. ही उष्णता ६० ते ८० अंशांची, इतर कामांना फारशी न उपयोगी. पण कमी दाबाखाली १० लिटर समुद्राचं पाणी उकळून वाफ करायला सुमारे ७ युनिट उष्णता पुरते. जहाजांवर इंजिनाच्या गरम पाण्यावर गोडं पाणी करणारी यंत्रं पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहेत, मर्चंट नेव्हीतल्या कुठल्याही इंजिनिअरला विचारा. म्हणजे इलेक्ट्रोलायझर आपल्याच टाकाऊ उष्णतेवर आपल्यापुरतं पाणी गाळू शकतो.

मग जगभर एवढं संशोधन कशाला चाललंय? काही अंशी ते खरंच चांगलं रसायनशास्त्र आहे. जपानच्या तोहोकू विद्यापीठात कोजी हाशिमोतो यांच्या गटाने मँगनीज ऑक्साइडमध्ये मॉलिब्डेनम, टंगस्टन मिसळून अशी धनाग्रं बनवली, ज्यांवर समुद्राच्या पाण्यातही मुख्यतः ऑक्सिजनच सुटतो. मला हे काम आजही आवडतं, कारण त्यांनी अडचणीला बगल दिली नाही. २०१९ मध्ये स्टॅनफर्डच्या होंगजिए दाई यांच्या गटाने निकेलच्या जाळीवर गंधकयुक्त थर देऊन क्लोराइडला दूर ठेवणारं धनाग्र दाखवलं, जे हजार तासांहून जास्त टिकलं. बातम्यांमध्ये ‘समुद्राच्या पाण्यावर’ असं छापून आलं. पण ते पाणी पोटॅश घालून कडक अल्कधर्मी केलेलं होतं. अल्कधर्मी पाण्यात ऑक्सिजन आणि क्लोरीनच्या वाटांमध्ये जवळजवळ अर्ध्या व्होल्टचं अंतर पडतं, म्हणून ते मदतीला येतं. मात्र समुद्राच्या पाण्यात पोटॅश घातलं की मॅग्नेशियम आधीच गाळ होऊन खाली बसतो. तो गाळून टाकायचा म्हणजे पाण्यावर प्रक्रिया झालीच, तीही महागड्या पोटॅशने. आयआयटी मद्रासने २०२३ मध्ये जाहीर केलेलं काम याच अल्कधर्मी वाटेचं. असा कुठलाही शोध वाचताना मी पहिल्यांदा बघतो की पाणी नुसतं समुद्राचं आहे की त्यात काही घातलंय. मग तास बघतो. हजार तास म्हणजे जेमतेम सहा आठवडे, आणि कारखान्यातल्या घटाने काही वर्षं चालावं अशी अपेक्षा असते.

सगळ्यात हुशार तोडगा मला चीनमधल्या शिए हेपिंग यांच्या गटाचा वाटतो. २०२२ मध्ये त्यांनी पाण्याने ओला न होणारा, बारीक छिद्रांचा टेफ्लॉनसारखा पडदा समुद्र आणि घटाच्या मध्ये ठेवला. आत दाट पोटॅश. दाट द्रावणाचा बाष्पदाब कमी, म्हणून समुद्रातून पाण्याची वाफ आपोआप आत ओढली जाते, क्षार बाहेरच राहतात. घट जेवढं पाणी फोडतो तेवढंच आत येतं. चौरस सेंटिमीटरला २५० मिलिअँपिअरवर हा संच ३,२०० तासांहून जास्त चालला. पुढे २०२३ मध्ये फूच्येन प्रांताच्या किनाऱ्याजवळ पवनऊर्जेच्या जोडीने तरंगत्या मंचावर दहा दिवस चालवून पाहिला. नीट बघितलं तर इथे समुद्राचं पाणी घटाला लागतच नाही. हेही आधी गोडं करणंच आहे, फक्त आरओचे पंप आणि त्यांची देखभाल वाचते. भर समुद्रात माणूस पाठवणं महाग असतं, तिथे ही बचत मोलाची.

थेट समुद्राचा विचार करण्याजोगी जागा तीच आहे: किनाऱ्यापासून लांबची पवनचक्की, जिथून वीज आणायची केबल महाग पडते. तरी तिथेही लोक सावधच आहेत. फ्रान्सच्या ले क्रोआझिकपासून सुमारे २० किलोमीटर आत ‘लीफ’ कंपनीच्या ‘सीलीफ’ या १ मेगावॉटच्या तरंगत्या संचाने जून २०२३ मध्ये भर समुद्रात हायड्रोजन काढला. समुद्राचं पाणी घेऊन, आधी शुद्ध करून, नेहमीच्या घटात. हेलकावे, खारा वारा आणि कमी-जास्त होणारी वीज यांत तो घट कसा टिकतो, हेच त्यांना मुख्यतः पाहायचं होतं.

राहिला कोकणाचा प्रश्न. ५० लाख टन हायड्रोजनला १० लिटरच्या हिशेबाने रोज सुमारे १३७ दशलक्ष लिटर शुद्ध पाणी लागेल, थंड करण्यासकट त्याच्या दुप्पट-तिप्पट. मुंबईला रोज ३,८०० दशलक्ष लिटरहून जास्त पाणी लागतं, आणि मनोरीला महापालिकेने आखलेला समुद्रपाण्याचा प्रकल्प एकटाच २०० दशलक्ष लिटरचा आहे. चेन्नई तर मिंजूर आणि नेम्मेलीच्या अशा प्रकल्पांचं पाणी वर्षानुवर्षं पिते आहे. म्हणजे किनाऱ्यावर पाणी हा अडसर नाही. मराठवाड्यात किंवा सोलापूरकडे सौर प्रकल्पाशेजारीच हायड्रोजन काढायचा म्हटलं तर मात्र हेच १०-२० लिटर कुणाच्या तोंडचं काढायचं हा खरा प्रश्न उभा राहतो. माझं मत विचाराल तर वीज तारेने किनाऱ्याला आणावी, पाणी वर चढवू नये. कांडला, पारादीप, तुतिकोरीन ही बंदरं हायड्रोजनची केंद्रं म्हणून निवडली गेली आहेत, त्यामागे निर्यातीइतकंच हेही कारण मला दिसतं. आरओतून उरलेलं दुप्पट खारट पाणी कुठे सोडायचं, हा प्रश्न मच्छीमारांनी जरूर विचारावा. उघड्या समुद्रात खोलवर, प्रवाहात सोडलं तर ते पांगतं. अरुंद खाडीत, कांदळवनाजवळ सोडलं तर नाही.

अधूनमधून ‘समुद्राचं पाणी जळतं’ असा व्हिडिओ फिरतो, तुमच्या मुलांनीही पाहिला असेल. तो बहुधा अमेरिकेतल्या जॉन कान्झियस यांच्या २००७ मधल्या प्रयोगाचा असतो. रेडिओलहरींनी मिठाच्या पाण्यातून ज्वाळा निघाल्या हे खरं, पण लहरींना पुरवलेली ऊर्जा ज्वाळेतून मिळणाऱ्या ऊर्जेपेक्षा जास्त होती. पाणी हे जळून गेलेल्या हायड्रोजनची राखच आहे. त्यातून इंधन काढायला बाहेरून ऊर्जा घालावीच लागते.

आता प्रदर्शन. हायड्रोजन आणि ऑक्सिजनचं २:१ प्रमाण दाखवायचं असेल तर मीठ अजिबात घालू नका. साध्या पाण्यात धुण्याचा सोडा घाला, ९ व्होल्टची बॅटरी आणि निकेलच्या पट्ट्या वापरा. पेन्सिलीचं शिसं चालतं, पण धनाग्राचं झिजतं आणि ऑक्सिजनचं माप चुकवतं. स्टीलचे चमचे नकोत. खारट पाण्यात ते विरघळतात आणि जो पिवळसर-हिरवा रंग येतो त्यात विषारी क्रोमियम असू शकतो. दोन्ही वायू एकाच नळीत गोळा करू नका, आणि काडी लावायचीच तर ती शिक्षकांनी, नखभर हायड्रोजनच्या नळीला.

पण कोकणातल्या शाळेने समुद्राचं पाणी सोडून द्यावं असं मला वाटत नाही. तीन पेले ठेवा: सोड्याचं पाणी, स्वयंपाकघरातल्या मिठाचं पाणी आणि गाळून घेतलेलं समुद्राचं पाणी. तिन्हींत ग्रॅफाइटची अग्रं. व्हरांड्यात, मोकळ्या हवेत, फक्त चार-पाच मिनिटं. मिठाच्या आणि समुद्राच्या पेल्यात धनाग्राजवळ रंगीत कागदाचा तुकडा फिका पडेल आणि पोहण्याच्या तलावासारखा वास येईल, तो मुद्दाम हुंगायला लावू नका. ऋणाग्राजवळ हळद लावलेला कागद तिन्ही पेल्यांत लाल होईल, सोड्याच्या पेल्यात तर वीज सुरू करण्याआधीच. आणि पांढरा धूसर ढग फक्त समुद्राच्या पेल्यात, ऋणाग्राभोवती, उठताना दिसेल. तो मॅग्नेशियम. घरच्या शुद्ध मिठात तो जवळजवळ नसतो, म्हणून दुसरा पेला स्वच्छ राहतो. प्रयोग झाल्यावर मिठाचे दोन्ही पेले दिवसभर उघड्यावर उन्हात ठेवा किंवा प्रयोगशाळेतला थोडा हायपो (सोडियम थायोसल्फेट) त्यात विरघळवा, मगच ओता. त्यात आम्ल किंवा संडास धुण्याचं लिक्विड चुकूनही पडू देऊ नका, विरघळलेला सगळा क्लोरीन एकदम वर येतो.